उणे ऐंशीत, तिच्या अक्षरात

रविवारी सकाळी शैलानं तर्री-पोह्यांचा डबा घेऊन येणं हा आमच्या घरचा इतका पक्का रिवाज होता, की त्या रविवारी ती वेळेवर आली नाही तेव्हा मला काळजी वाटायच्या आधी रागच आला. चहाचं आधण उतरवून ठेवलं, पुन्हा चढवलं, नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या बहिणीचं पेशींना भरवणं आज काही संपत नाही." तेवढ्यात फोन वाजला. फोनवर रूपाली होती, शैलाची विद्यार्थिनी, आता तिच्याच प्रयोगशाळेत काम करणारी. एरवी समोर बसूनही ऐकू येणार नाही इतकं हळू बोलणारी ती पोरगी भरभर बोलत होती. "काकू, मॅडमले बरं नाही वाटून राहिलं. घाम सुटला आहे. मी त्यांना घेऊन धंतोलीच्या दवाखान्यात निघाली, तुम्ही तिकडंच या." आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. हृदयानं दगा दिला, असं डॉक्टर म्हणाले... स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवण्यात आणि मारण्यात जिचा जन्म गेला, ती कॅन्सरनं गेली नाही. आणि जिला तो झाला होता ती मी, तिची वहिनी, तिथल्या बाकावर धडधाकट बसून होते. हा न्याय मला तेव्हा कळला नाही आणि काही आठवडे उलटल्यावरही कळलेला नाही.

रूपालीनं मग त्या सकाळचं सांगितलं. पेशी ज्या गुलाबी पाण्यात वाढतात ते दिवसाआड बदलावं लागतं, पेशींना रविवार कळत नाही, म्हणून शैला दर रविवारी सकाळी जायची. त्या दिवशी काम अर्ध्यावर असताना तिला घाम फुटला. तिनं बाटलीचं झाकण लावलं. बाटली उबेच्या कपाटात ठेवली, कपाटाचं दार लावलं, नीट लागलं की नाही ते हातानं ओढून पाहिलं, आणि मग खुर्ची ओढून बसली. "रूपाली, दादाले फोन कर," एवढंच म्हणाली. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, पण मी तिथंच त्या मेलेल्या बाईवर चिडले. अगं, आधी बसायचं होतं ना! पेशी दोन मिनिटं बाहेर राहिल्या असत्या तर काय आभाळ कोसळणार होतं? पण ती शैला होती आणि ती तसंच करणार होती.

मी लग्न होऊन कळमेश्वरहून नागपूरच्या या घरात आले तेव्हा ती कॉलेजात शिकत होती. घरात सासूबाईंचं सोवळं कडक. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा तर न्हाऊन, धुतलेलं नेसून, तोंड बंद ठेवून. शैला मुद्दाम कॉलेजच्या कपड्यांत येऊन बरणीचं झाकण उघडायची आणि म्हणायची, "आई, बुरशी सोवळं पाहून येत नाही." सासूबाई तिला भ्रष्ट म्हणायच्या, मी पदरात तोंड लपवून हसायचे, आणि आमची गट्टी जमली ती या हसण्यावरच. वयानं आम्ही जवळजवळ बरोबरीच्या, त्यामुळे अहोजाहो कधी आलंच नाही. फक्त एका बाबतीत आमचं रोज वाजायचं. आज भाजी काय करावी हे मला फ्रिज उघडून त्याच्यासमोर उभं राहिल्याशिवाय सुचत नाही. शैला गच्चीवर असो, न्हाणीघरात असो, तिला ते कसं कळायचं देव जाणे, ती तिथून ओरडायची, "दार लाव वं वहिनी, थंडावा चालला!"

तिनं लग्न केलं नाही. का, हे मी एकदाच विचारलं. "पेशीले दिवसाआड जेवू घालावं लागते, त्यात अजून एकाची भर कशाले?" असं म्हणून तिनं विषय मिटवला. पुढं संशोधन संस्थेत नोकरी लागली, संस्थेजवळ लहानसा फ्लॅट घेतला, पण रविवार आमच्याकडेच. पेशी जेवल्या, आता मी, असं म्हणत ती पोह्यांवर तर्री ओतायची. ती तर्री इतकी जहाल असायची की माझे हे नुसत्या वासानं खोकायचे.

तिचं काम काय हे मला बरीच वर्षं धड ठाऊक नव्हतं. ते कळलं आमच्या ओट्यापाशी, मी पुऱ्या लाटत असताना. सासूबाई जाऊन तेव्हा काही काळ झाला होता. शैला म्हणाली, सध्या मायक्रोआरएनएवर काम करून राहिली आहे. मी म्हटलं, मराठीत सांग. "मराठीत त्याले शब्द नाही, गोष्ट आहे," ती म्हणाली. "समज, पाहुणे आले. तू समोरच्या खोलीतून निरोप पाठवला की पुऱ्या टाका. निरोप चुलीपाशी पोचला की पुऱ्या होतात. पेशीत असेच निरोप जात राहतात, हे बनवा, ते बनवा. आता मधातच कोणी बसलं आहे. ते निरोप्याचा हात धरून त्याले थांबवते. पुऱ्या होत नाहीत. इतकुसा तुकडा असते तो, पण त्याच्या मर्जीबिगर काही शिजत नाही."

"म्हणजे सासूबाई!" मी म्हटलं.

शैला पोट धरून हसली. तेव्हापासून आमच्या घरात मायक्रोआरएनएचं नाव सासूबाई पडलं ते पडलंच. मग तिनं पुढची गोष्ट सांगितली. कॅन्सरच्या काही पेशींमधून एखादी सासूबाई नाहीशी होते. तिच्या धाकानं जे निरोप थांबायचे ते आता बिनदिक्कत पोचतात, आणि पेशी पंप बनवत सुटते. "आपल्या कूलरमधे असते ना, तसा पंप. फक्त हा औषध बाहेर फेकते. डॉक्टर देऊन राहिले अन् पेशी फेकून राहिली." मग सासूबाईला परत आणा की, मी म्हटलं. "तेच करून पाहून राहिली मी. पण साऱ्याच सासवा भल्या नसतात वं. काही अशा, की मरायला टेकलेल्या पेशीले मरूच देत नाहीत. त्यांना हाकलावं लागते. कोणती ठेवायची अन् कोणती हाकलायची, त्यातच माझा जन्म जाणार आहे." हे ती हसत म्हणाली होती.

औषधाला न जुमानणाऱ्या पेशी बाजारात मिळत नाहीत, त्या घडवाव्या लागतात. साध्या पेशींना आधी औषधाचा अगदी नखभर डोस द्यायचा. पुष्कळ मरतात, थोड्या तगतात. तगलेल्या वाढू द्यायच्या, मग डोस किंचित वाढवायचा. असं महिनोन्‌महिने. "अगं, शत्रूला खाऊ घालून पैलवान करतेस की काय?" मी विचारलं. "पैलवान झाल्याबिगर त्याचे डाव कसे समजतीन?" ती म्हणाली. आणि एका वर्षी तो पैलवान तयार झाला. डोस केवढाही द्या, ढिम्म. त्याच्यात एक सासूबाई जवळजवळ नाहीशी झाली होती. शैला हवेत होती. एका स्थानिक वर्तमानपत्रानं तिचा फोटो छापला, नागपूरच्या संशोधिकेचं यश वगैरे. मी गल्लीत पेढे वाटले आणि ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांना पुऱ्यांची गोष्ट सांगितली.

लेख बाहेर पाठवण्याआधी पेशींची ओळख पटवून घ्यावी लागते. त्या ज्या आहेत असं आपण म्हणतो त्याच आहेत का, हे दुसऱ्या ठिकाणी तपासून आणायचं. शैलानं नमुना पाठवला, आणि उत्तर आलं की या पेशी स्तनाच्या नाहीतच. तिच्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या एका कामासाठी वेगळ्याच अवयवाच्या, जात्याच दांडग्या पेशी वाढत होत्या. दोन्हींचं काम एकाच हूडमध्ये, म्हणजे पुढून काच असलेल्या कपाटात, चालायचं आणि दोन्हींना एकाच बाटलीतलं गुलाबी पाणी घातलं जायचं. कधीतरी त्या बाटलीतून एक थेंब इकडे आला. शैला औषध देत गेली, तिच्या पेशी मरत गेल्या आणि पाहुण्या माजत गेल्या. तिनं वर्षभर मायेनं पैलवान केला तो परक्याच्या घरचा निघाला. अशी चूक जगभर होते म्हणे, आणि पुष्कळ जण तपासूनच पाहत नाहीत, म्हणून ती सापडत नाही.

रूपाली तेव्हा नवीन होती. कामठीहून बस आणि ऑटो करत यायची, आणि तिच्या पीएचडीचं वर्ष या भानगडीत बुडालं. ती रडत होती की बाटली कदाचित माझ्या हातून... शैलानं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "माझ्या हूडमधे झालं म्हणजे माझ्या हातून झालं. चल, नवीन पेशी काढ." आणि मग तिनं जे केलं त्यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. तिनं त्या वर्तमानपत्राला फोन केला आणि सांगितलं, बातमी चुकली, दुरुस्ती छापा. तिकडचा माणूस म्हणाला, मॅडम, आता कोणाच्या लक्षात आहे? ही म्हणाली, "माझ्या आहे." तीन-चार फोननंतर त्यांनी एका कोपऱ्यात दोन ओळी छापल्या. माझे हे भडकले. "काय गरज होती वं शैला? कोणी विचारलं होतं का तुले?" तिनं फोटोची बातमी आणि त्या दोन ओळी शेजारी शेजारी प्रयोगशाळेच्या फळ्यावर टाचल्या. मी पेढे खाल्लेल्या घरांत पुन्हा जाऊन खरं सांगून आले, आणि ते पेढे वाटण्यापेक्षा फार अवघड होतं.

त्यानंतर शैला सोवळ्यात गेली. मी हा शब्द थट्टेनं वापरते, पण दुसरा शब्द नाही. प्रत्येक जातीच्या पेशींना वेगळा वार, वेगळी बाटली, वेगळा अॅप्रन. प्रयोगशाळेच्या चपला वेगळ्या. हात कोपरापर्यंत स्पिरिटनं पुसायचे आणि हूडमध्ये हात असताना बोलायचं नाही. दिवाळीत मी अनारशाचं आंबवलेलं पीठ मळायला घेतलं की ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी. आंबवणातलं यीस्ट हाताला लागून पेशींत गेलं तर सगळं नासतं म्हणे. अनारसे तिला जीव की प्राण, पण पेशींचा वार आदल्या दिवशी संपला असेल तरच खाणार. मी म्हटलं, "सासूबाई वरून पाहत असतील तर म्हणत असतील, मी मेल्यावर पोरगी सुधारली." ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आईचं काहून होतं ते मले आता समजून राहिलं. फक्त तिनं तपासून नव्हतं पाहिलं."

पैलवान पुन्हा घडला. यावेळी दर टप्प्याला ओळख पटवून. तेव्हा ती मला मुद्दाम घेऊन गेली. चपला बदलायला लावल्या, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. कॅन्सरवर एक लाल रंगाचं औषध देतात. ते विशिष्ट उजेडात स्वतःच चमकतं. पहिल्या काचेवर साध्या पेशी होत्या. आत औषध भरलेलं, काळोखात निखाऱ्यांसारख्या लालभडक. दुसऱ्या काचेवर पैलवान. जवळजवळ काळोखच. औषध तेवढंच दिलं होतं, पण पंपांनी बाहेर फेकलं होतं. तिसऱ्या काचेवर तेच पैलवान, पण त्यांच्यात हरवलेली सासूबाई परत सोडलेली. ते पुन्हा लाल दिसत होते. निखाऱ्यांइतके नाहीत, पण होते. "या खऱ्या आहेत वहिनी," शैला मागून म्हणाली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

हे सगळं मला इतकं स्पष्ट दिसलेलं होतं, म्हणून पुढचं जड गेलं. मला गाठ लागली ती आंघोळ करताना. तपासणी झाली, तुकडा काढला गेला, आणि धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी औषधं देऊन गाठ लहान करू, मग ऑपरेशन. पहिलं औषध तेच, लाल. शैला घरी आली तेव्हा माझे हे तिची वाटच पाहत होते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला कुठे कुठे फिरायला न्यायचं याचे बेत करत बसलेला तो माणूस एका दिवसात म्हातारा झाला होता.

"शैला, तिच्या गाठीचा तुकडा आहे ना दवाखान्यात, मेणाच्या ठोकळ्यात. तो तू घेऊन जा. तुझ्या यंत्रावर पाहा तुझ्या त्या सासूबाई आहेत का नाही. कोणतं औषध लागू पडते ते आपल्याले आधीच समजते."

"नाही दादा."

"काहून?"

"मले माहीत नाही म्हणून."

"अख्खी जिंदगी घातली तू त्याच्यात, अन् माहीत नाही म्हणून राहिली?"

"बाटलीतल्या पेशीचं माहीत आहे गा. वहिनीचं नाही माहीत. मी एक आकडा आणून दिला तर तुम्ही सारे तोच धरून बसान. डॉक्टरले म्हणान, हे नको, ते द्या. अन् माझा आकडा चुकला तर? एकदा चुकला आहे माझा. तो बाटलीत चुकला होता. हा..." ती माझ्याकडे पाहून थांबली.

"परक्याच्या बाटलीसाठी वर्ष घालवते अन् घरच्या माणसासाठी एक तपासणी नाही होत तुझ्यानं," असं म्हणून हे उठून गेले आणि तिच्याशी बोलायचे बंद झाले. मलाही वाईट वाटलं होतं, साफ सांगते. जिनं मला काळोखातले निखारे दाखवले, तिनं माझ्या वेळी हात मागे घ्यावा हे मनाला लागलं. पण ती दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माझ्या आधी येऊन बसली होती, आणि पुढच्या प्रत्येक वेळी आली. नर्स मोठ्या सिरिंजमधून ते लाल औषध सावकाश नळीत सोडायची, मी त्या रंगाकडे पाहत राहायचे, आणि माझ्या डोक्यात एकच. आता आत काय चाललं असेल? पेटल्या असतील, की फेकून देत असतील? शैला माझ्या हातावर हात ठेवायची. तिला माझ्या डोक्यातलं दिसत असणार, कारण तिच्याही डोक्यात तेच होतं.

केस गेले, तोंड आलं, तर्रीचा वाससुद्धा सोसेना, आणि गाठ होती तेवढीच राहिली. डॉक्टरांनी हातानं पाहिलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाले, हे औषध काम करत नाहीये, बदलू या. बाहेर आल्यावर ह्यांनी बहिणीकडं नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात सगळं होतं. शैला मला घेऊन दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसली आणि तिथं मला तिनं पहिल्यांदा खरं सांगितलं.

"कदाचित माझं यंत्र बरोबर सांगू शकलं असतं वहिनी. हे औषध चालणार नाही म्हणून. तुझे हे हाल वाचले असते. ठोकळा मागवायले मी दोनदा फोन हातात घेतला होता. रोज वाटे, करून तर पाहू, कोणाले नको सांगू. पण मग मी तुझ्यापाशी बसली असती अन् माझं तोंड पाहून तू समजली असती. अन् ते बरोबर आलं असतं तरी तो अंदाजच असता, फक्त यंत्रातून निघालेला. डॉक्टर हातानं गाठ मोजून राहिले, सध्या तेच सगळ्यात खरं मोजमाप आहे. माझं काम त्याच्या मागं आहे वं. पुढं नाही गेलं अजून." आणि ती रडली. शैला रडताना मी त्याआधी पाहिली नव्हती, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. टक्कल पडलेली मी, डोक्याला रुमाल बांधून, माझ्या नणंदेची समजूत काढत तिथं बसले होते, आणि सांगायला हरकत नाही, माझ्या मनातला काटा त्या झाडाखाली निघाला. जी बाई वर्तमानपत्राला फोन करून स्वतःची बातमी खोटी ठरवते, तिचं 'माहीत नाही' हे इतरांच्या 'नक्की'पेक्षा भारी आहे, हे मला पटलं. ह्यांना पटायला वेळ लागला.

नवं औषध लागू पडलं. काही आठवड्यांनी गाठ मऊ झाली, मग बोटांना चुकू लागली. ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पहिल्या रविवारी शैला पोहे घेऊन आली, माझ्यासाठी बिनतर्रीचे. ह्यांनी तिच्या ताटलीत स्वतःच्या हातानं तर्री ओतली. इतक्या दिवसांनी तिच्याशी बोलायला त्यांना तेवढाच मार्ग सापडला. ती म्हणाली, "बस्स दादा, बस्स," आणि सगळं पहिल्यासारखं झालं.

काही महिन्यांनी ती संमतीचा कागद घेऊन आली. दवाखान्यातल्या माझ्या त्या मेणाच्या ठोकळ्याचा एक पापुद्रा तिला संशोधनासाठी हवा होता. ह्यांनी विचारलं, "तवा नको म्हणे, आता काहून पाहिजे?" शैला म्हणाली, "तवा मले माहीत नव्हतं कोणतं औषध चालन. आता साऱ्यांना माहीत आहे. लाल चाललं नाही, दुसरं चाललं. असे पुष्कळ बायांचे तुकडे जमवून राहिली मी, ज्यांचं काय झालं ते ठाऊक आहे. त्यांच्यात माझ्या सासूबाई पाहायच्या. खरंच जमलं, तर मग पुढच्या कोणत्या तरी वहिनीच्या वेळी माझ्यासारखं कोणाले 'नाही' म्हणावं लागणार नाही." दवाखान्यात नाव काढून नंबर घालतात, कोणता नंबर कोणाचा हे तिला कळणार नव्हतं. मी म्हटलं, "माझा तरी ओळखशील की नाही?" "ओळखली तर कामाची राहणार नाही वं तू," ती म्हणाली. मी सही केली. आयुष्यात इतक्या सह्या केल्या, इतकी ऐटीत केलेली दुसरी आठवत नाही.

गेल्या आठवड्यात रूपालीनं बोलावलं म्हणून मी प्रयोगशाळेत गेले. शैलाच्या वस्तू न्यायच्या होत्या. वस्तू त्या काय, दोन अॅप्रन, एक चष्मा, दाराशी ठेवलेल्या त्या वेगळ्या चपला. मी चपला नेल्या नाहीत. फळ्यावर फोटोची बातमी आणि दोन ओळींची दुरुस्ती तशीच होती, कागद पिवळा पडलेला, आणि त्याखाली रूपालीचे नवे कागद टाचलेले. पेशींचा वार होता. रूपाली रविवारी येते म्हणाली, कामठीहून, मॅडमच्याच वेळेला. काम कुठं थांबलं नाही. तुकडे जमताहेत, अजून पुष्कळ लागतील, पण जे दिसतंय ते चांगलं आहे, असं ती म्हणाली आणि लगेच जोडलं, "पण अजून सांगता नाही येत, काकू." मला एवढं बरं वाटलं ते ऐकून.

मग मी विचारलं, माझा तुकडा कुठं असेल? तिनं कोपऱ्यातल्या उंच फ्रिजरकडं बोट दाखवलं. उणे ऐंशी अंश. जाड हातमोजे घालून तिनं दार उघडलं, पांढरी वाफ पायांवर उतरली, आणि एक चौकोनी डबी थोडी बाहेर ओढून तिनं मला दाखवली. आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान कुप्या, प्रत्येकीवर नंबर, शैलाच्या त्या बारीक, किंचित उजवीकडं झुकलेल्या अक्षरात. प्रत्येकीत, मेणाच्या पापुद्र्यातून काढलेल्या निरोपांचा आणि सासूबाईंचा, पाण्यासारखा एक गोठलेला थेंब. यातल्या एकीत मी आहे. कोणत्या कुपीत, हे रूपालीला माहीत नाही. शैलालाही नव्हतं. तिनं माझा थेंब हातात घेतला असेल, त्यावर आपल्या अक्षरात नंबर घातला असेल, इतरांच्या बरोबरीनं मोजला असेल, माझ्यासाठी एक अंश कमी नाही की जास्त नाही... आणि तिला कळलंही नसेल की ही वहिनी आहे. मी एकेक नंबर वाचत होते. माझा कोणता ते शोधत नव्हते खरं तर, तिचं अक्षर वाचत होते. किती वेळ उभी होते कोण जाणे. रूपाली टेबलाकडं काहीतरी आणायला वळली होती.

आणि मागून एकदम आवाज आला, खणखणीत, त्या हळू बोलणाऱ्या पोरीच्या तोंडून, "दार लावा हो काकू, थंडावा चालला!"

रूपालीनं जीभ चावली. मी वळून पाहिलं तर तिचा हात तोंडावर होता आणि डोळे भरलेले. मी हसले, मग रडले. रूपालीनं हातमोज्यांनी डबी आत सरकवली, मी दार लावलं आणि नीट लागलं की नाही ते हातानं ओढून पाहिलं.